पावतीच्या भरवशावर

कागद अडला की देवासात माणसं वासंतीबाई पागनिसांचं दार वाजवतात. पेन्शनचा अर्ज असो, जातीचा दाखला असो, नाहीतर आधारमधलं चुकलेलं नाव असो. बाई आधी चष्मा पुसतात, मग समोरच्याची अक्कल काढतात आणि मग काम करून देतात. हा क्रम आजवर चुकलेला नाही. "ही खाडाखोड कोणी केली? तू? अरे, हा अर्ज आहे का भाजीची यादी?" एवढं ऐकून घ्यायची तयारी असेल, तर तुमचा कागद पुढे सरकलाच म्हणून समजा.

सरकारी कॉलेजच्या दफ्तरात तेहतीस वर्षं काढली त्यांनी. सुरुवातीची चार बागलीला, बाकी सगळी देवासला. साध्या बाबू म्हणून लागल्या आणि बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होऊन निवृत्त झाल्या. बाईमाणूस असून सगळे 'बडे बाबू'च म्हणायचे, त्यांनाही त्यात काही खटकलं नाही. पागनीस मूळचे धारचे. संस्थानाच्या पागेचं दफ्तर सांभाळायचे. पागा गेली, घोडे गेले, कागदाचं वेड तेवढं रक्तात राहिलं. बाईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची देवासात कोणाची छाती झाली नाही.

खालच्या मजल्यावर बाई राहायच्या आणि वरच्या मजल्यावर धाकटे भाऊ शरच्चंद्र, त्यांची बायको मेधा आणि मुलगी स्वानंदी. स्वानंदी वरच्या मजल्यावर नुसती झोपायला जायची. तिचं खाणं, भांडणं, शाळेचे प्रोजेक्ट, सगळं खाली आत्याकडे. पोरीचं मराठी ऐकाल तर कपाळाला हात लावाल. "आत्या, मी ना एकदम पक गई आहे," अशी सुरुवात आणि "तू टेन्शन मत ले यार" असा शेवट. वाचायला तर येतच नव्हतं धड. पण बाईंचा जीव कोणात अडकला असेल, तर तो या पोरीत.

ही पोर कॅनडाला गेली. खाण्याच्या पदार्थांची शुद्धता तपासायचा दोन वर्षांचा कोर्स होता. जायच्या आधी बाईंनी सगळी कागदपत्रं स्वतः लावली, एकेका कागदाच्या तीन-तीन प्रती काढल्या. बेत घरात सगळ्यांना पाठ होता. दोन वर्षं शिकायचं, मग तिथलं सरकार तीन वर्षांचा कामाचा परवाना देतं, तो घ्यायचा, अनुभव गाठीला बांधायचा आणि मग पुढचं पुढे. त्या परवान्यासाठीच सगळा खटाटोप होता. नुसत्या शिक्षणासाठी कोण एवढ्या थंडीत मरायला जातं?

पहिल्या उन्हाळ्यात स्वानंदीला चार महिन्यांची सुट्टी होती, पण ती आली नाही. तिथेच एका बेकरीत काम धरलं. मेधा हळहळली. बाई म्हणाल्या, "बरोबर केलं. येऊन काय करणार होती, आंबे खाणार होती?" आणि विषय संपवला.

आता धारची गोष्ट सांगायला हवी. धारला पागनिसांची भवानी आहे. देऊळ केवढं, तर आत चार माणसं शिरली की पाचव्याने बाहेरूनच हात जोडायचे. पागनिसांची चार घरं, त्यामुळे आश्विनातल्या नवरात्राची पाळी दर चार वर्षांनी एकेका घराकडे येते. पाळीचा नियम असा की घटावर रोज चढते ती माळ घरच्या बिनलग्नाच्या लेकीने ओवायची. सून चालत नाही, सासरी गेलेली लेक चालत नाही, मुलगा तर नाहीच नाही. वासंतीबाई वयाच्या आठव्या वर्षापासून आपल्या घरची माळ ओवत आल्या होत्या.

दोन हजार तेवीस साली पाळी त्यांची आली आणि नेमक्या गणपतीत बाई न्हाणीघरात घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

"अक्का, आपण चुलत घरच्या पोरीला सांगू," शरच्चंद्र म्हणाले. "मागे तुला गोवर आला होता तेव्हा त्यांच्याच सुमनने ओवली होती की. देवी काही रागावली नाही."

"आपली लेक असताना शेजारच्यांची कशाला?"

"लेक सात समुद्रापार आहे."

"विमानं बंद पडलीत का?"

मेधा स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी बोलली. "वन्सं, तिचं सत्र चालू आहे. मधेच बोलावू नका."

"नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे मेधा," बाई म्हणाल्या आणि डाव्या हाताने फोन लावला.

स्वानंदीला काय, निमित्तच हवं होतं. तिला घराची इतकी आठवण येत होती की 'ये' म्हटल्याबरोबर ती फोनवरच रडायला लागली. पण नऊ दिवसांसाठी एवढं महागाचं तिकीट काढायचं म्हणजे जिवावर येतं. मग आपल्या लोकांचं ते ठरलेलं वाक्य आलंच, "आलीच आहेस तर दिवाळी करूनच जा." या एका वाक्याने आपल्याकडे किती जणांच्या नोकऱ्या गेल्या असतील, देव जाणे. नऊ दिवसांचे पाच आठवडे झाले. पाचपैकी तीन विषय ऑनलाइन जमण्यासारखे होते, दोन प्रयोगशाळेचे होते. ते दोन तिने सोडून दिले, पुढे भरून काढू म्हणून.

"कॉलेजची परवानगी?" बाईंनी विचारलं. नियमाच्या बाई त्या, विचारणारच.

स्वानंदीने कॉलेजच्या वेबसाइटवर रजेचा अर्ज टाकला. पाच मिनिटांत उत्तराचा मेल आला आणि तो तिने तसाच आत्याला पाठवला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की तुमचा अर्ज मिळाला, क्रमांक अमुक. खाली बारीक अक्षरात होतं की ही मंजुरी नाही. सल्लागाराला भेटा, निर्णय कळेपर्यंत वर्ग सोडू नका.

बाईंनी तो मेल शेवटपर्यंत वाचला. त्या कुठलाही कागद शेवटपर्यंतच वाचायच्या. वाचला आणि मनात म्हणाल्या, असं सगळेच लिहितात.

कारण तेहतीस वर्षं त्यांनी काय पाहिलं होतं? रजेचा अर्ज द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा, ती झाली पावती. पावती हातात आली की माणूस गावाला. साहेब दौऱ्यावरून यायचे तेव्हा यायचे, सही करायचे तेव्हा करायचे. रजा संपवून माणूस कामावर परत आला तरी सही झालेली नसायची, आणि त्याचं कोणालाही काही वाटायचं नाही. पावती घेतलेला अर्ज नामंजूर झाल्याचं बाईंनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"तारीख आहे, नंबर आहे. मग ही पावती झाली," त्यांनी स्वानंदीला सांगितलं. "निघ तू."

स्वानंदीने खालचं बारीक अक्षर पाहिलंही नाही. आत्याने कागद बघितला म्हणजे विषय मिटला, असं ती लहानपणापासून शिकली होती.

नवरात्र सुंदर झालं, त्यात खोटं कशाला सांगू! सगळं घर धारला. सकाळी परडीभर झेंडू आणि शेवंती यायची आणि देवळाच्या ओट्यावर स्वानंदी सुई-दोरा घेऊन बसायची. पहिल्या दोन माळा अशा वाकड्या झाल्या की बाई म्हणाल्या, "देवी आहे म्हणून घालून घेतेय, माणूस असतं तर फेकून मारली असती." "मग तूच ओव ना एका हाताने, बडे बाबू," स्वानंदी म्हणायची. पाचव्या दिवसापासून माळ सरळ यायला लागली. दुपारी दोघी तिथेच लवंडायच्या आणि पोर बेकरीतल्या गमती सांगत बसायची. मनगट ठणकत होतं, तरी वासंतीबाई त्या नऊ दिवसांत सुखात होत्या. इतक्या सुखात त्या कित्येक वर्षांत नव्हत्या.

भाऊबीज करून स्वानंदी परत गेली. सुटलेले दोन विषय तिने पुढच्या उन्हाळ्यात भरून काढले आणि ऑगस्टमध्ये चांगल्या गुणांनी कोर्स पुरा केला. एका प्रयोगशाळेने नोकरीही देऊ केली. आता फक्त परवान्याचा अर्ज भरायचा होता.

अर्ज भरायला बसली तेव्हा तिने अटी वाचल्या. शेवटचं सत्र सोडून प्रत्येक सत्रात विद्यार्थी पूर्णवेळ शिकत असला पाहिजे. मधे रजा घेतली असेल, तर ती कॉलेजने मंजूर केलेली असली पाहिजे. पाचांऐवजी तीनच विषय झाले म्हणून तिच्या गुणपत्रकावर त्या नवरात्राच्या सत्रापुढे 'अर्धवेळ' असं लिहिलं होतं.

ती धावत कॉलेजच्या दफ्तरात गेली. तिथल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "तुमचा अर्ज आहे. पण तुम्ही सल्लागाराला भेटलाच नाहीत, त्यामुळे त्यावर निर्णय झाला नाही." आता मंजुरी द्या म्हटलं, तर त्या म्हणाल्या की होऊन गेलेल्या रजेला मंजुरी देता येत नाही.

"आत्या, अब क्या?" फोनवर पोरीचा आवाज एवढासा झाला होता.

बाईंनी फोन ठेवला आणि तो जुना मेल उघडला. बारीक अक्षर जिथल्या तिथे होतं. गावाला शिकवणारी बाई ती, आणि घरच्या पोरीला खड्ड्यात घालून बसली. पण वर जाऊन भावाला आणि भावजयीला सांगितलं काय, तर "कॉलेजने निर्णयच दिला नाही." तेही खरंच होतं म्हणा.

शरच्चंद्रांनी इंदूरहून अमनला बोलावलं. अमन त्यांच्या मित्राचा मुलगा, परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं करून द्यायचा धंदा. गोड बोलणारा. पोहे खाता खाता म्हणाला, "बुआजी, इसमें टेन्शन कसलं? स्वानंदीला तेव्हा डेंगू झाला होता, असं दाखवू. मागच्या तारखेचं मेडिकल बनवून देणारे डॉक्टर आहेत माझ्याकडे. आजारी माणसाला रजा कोण नाकारतं? सगळे हेच करतात."

"पोहे संपव आणि ऊठ," वासंतीबाई म्हणाल्या.

"वन्सं!" मेधा ताडकन उभी राहिली. "तो काय चोरी करायला सांगतोय?"

"मग काय सांगतोय? माझ्या टेबलावर असले मेडिकल शेकड्याने आले, मी एक घेतलं नाही. बागलीला मोनू नावाचा पोरगा होता, हजेरी कमी होती, बाप खोटं मेडिकल घेऊन पाया पडत होता. मी ते परत केलं. वर्ष गेलं त्या पोराचं. आणि आता स्वतःच्या घरचं आलं म्हणून घेऊ? आणि पकडलं तर? खोटा कागद दिला म्हणून पाच वर्षं त्या देशाचं दार बंद होतं, हे माहीत आहे का या शहाण्याला?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" मेधा म्हणाली. "बोलावलं कोणी होतं तिला? मी पाया पडून सांगत होते, भर सत्रात बोलावू नका. तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा, वन्सं. पोर माझी आहे."

अमनने उरलेले पोहे घाईघाईने संपवले.

शेवटी फोन लावला. स्वानंदीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, तू सांग. तू म्हणशील ते करते."

बाईंना वाटलं असतं तर त्या गप्प राहू शकल्या असत्या. पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. "खोटा कागद जाणार नाही," त्या म्हणाल्या. "खरं लिहायचं. मी सांगते तसं लिही."

दोन दिवस बसून त्यांनी पत्र तयार करवून घेतलं. घराण्याचं देवीचं व्रत, आत्याचा मोडलेला हात, रजेचा अर्ज, त्याचा क्रमांक, तारीख, नंतर भरून काढलेले विषय, मिळालेले गुण. तेहतीस वर्षांची पुण्याई ओतली त्या पत्रात. मंजुरीपाशी आल्यावर त्यांनी लिहायला सांगितलं की याबाबत गैरसमज झाला. गैरसमज कोणाचा झाला, ते सांगितलं नाही. स्वानंदीनेही विचारलं नाही.

अर्ज मुदतीत गेला, त्यामुळे निकाल लागेपर्यंत तिला काम करायची मुभा होती. पोर प्रयोगशाळेत लागली. पांढरा कोट घातलेला फोटो पाठवला तिने. बाईंनी तो मोठा करून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. पाच महिने असे गेले. साहेब तिला कायम करायच्या गोष्टी बोलत होते.

फेब्रुवारीत उत्तर आलं. नामंजूर. एका सत्रात पूर्णवेळ नव्हती आणि मंजूर रजेचा पुरावा नाही, एवढंच कारण. त्याच दिवशी तिला कोट काढून ठेवावा लागला. पुन्हा नव्याने फी भरून शिकायचं तर घरात ताकद नव्हती. मार्चमध्ये स्वानंदी देवासला परत आली.

आली ती वरच्या मजल्यावर. खाली आत्याकडे यायची, पण पाहुण्यासारखी, चहा पिऊन जायची. औद्योगिक वसाहतीतल्या एका बिस्किटाच्या कारखान्यात तिला तपासणीचं काम मिळालं. पगार बेताचाच. मेधा नणंदेशी कामापुरतं बोलायची. अमन एकदा रस्त्यात भेटला, म्हणाला, "बुआजी, मी तर म्हटलंच होतं." त्याची अक्कल न काढताच बाई पुढे निघून गेल्या, आणि असं देवासात पहिल्यांदाच घडलं. मनातून त्या खचल्या होत्या. रोज ठरवायच्या, आज पोरीला सांगू. रोज ती चहाचा कप विसळून ठेवायची आणि वर जायची, आणि सांगायचं राहून जायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नालछ्याहून मानाजी आले. धारच्या देवळातली जुनी ओळख. बरोबर त्यांची मुलगी अनन्या, हातात प्लास्टिकची फाइल. तिला परदेशातल्या कॉलेजचं पत्र आलं होतं.

"बडे बाबू, आम्हाला काही समजत नाही इंग्रजीतलं," मानाजी म्हणाले. "पोरीला नीट समजावून द्या. पुढे कामाचा परवाना मिळतो म्हणतात, त्यात काही गडबड नको."

बाईंनी चष्मा पुसला. फाइल उघडली. सवयीने बोलायला लागल्या. "हे बघ पोरी, पहिली गोष्ट. कुठलाही कागद आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. बारीक अक्षर आधी..."

दारात कोणीतरी हसलं. स्वानंदी चहाला आली होती. ते हसणं ऐकून अनन्या दचकलीच.

"सांग ना आत्या, पुढे सांग," ती म्हणाली. "बारीक अक्षर. मी काढला मागे तो मेल, परत वाचला. तुला तो पाठवला होता ना मी? तू तर सगळं वाचतेस."

"स्वानंदी, पाहुणे बसलेत."

"बसू देत. यांना पण कळू दे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी शांत होता. "तुझी चूक मी निस्तरली. नंतर तुझा खरेपणा आला, तोही मीच निस्तरला. मी तर दोन्ही वेळा तुझंच ऐकलं ना?"

मानाजी आपल्या पायांकडे बघायला लागले. उठावं की बसावं, त्यांना कळेना. अनन्याने फाइल जवळ ओढून घेतली.

आजवर वासंतीबाईंनी कोणापुढे मान खाली घातली नव्हती, आणि इथे तर परक्या माणसांसमोर. त्यांनी चष्मा काढला.

"वाचलं होतं मी," त्या म्हणाल्या. "ही मंजुरी नाही असं लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. वाचूनच तुला निघ म्हटलं."

"का पण?"

"देवीला चुलत घरची माळ चालली असती. माझा भाऊ सांगत होता, तुझी आई सांगत होती." मग बाई एकदम बोलून गेल्या. "मला तू हवी होतीस गं. वर्षभर तोंड पाहिलं नव्हतं तुझं. माळेचं नुसतं निमित्त केलं मी."

स्वानंदीने ओढणीने नाक पुसलं.

"मग तसं म्हणायचं होतंस ना आत्या," ती म्हणाली. "उन्हाळ्यात सुट्टीच होती. मी तेव्हाच आले असते."